चिखलात वजन लागत नाही

“खुर्ची नोको, पोरी. खुर्चीवर बसलं का मानूस आधा मरते.”

एवढं बोलून ती आमच्या दारात उकिडवी बसायची. मी आतून आणलेली खुर्ची तिच्याशेजारी रिकामी उभी राहायची आणि शेवटी मीच त्या खुर्चीवर बसायची. मग ती खालून माझ्याकडं अशी बघायची, जणू मीच आजारी आहे आणि ती मला भेटायला आली आहे.

सगळा मोहल्ला तिला मोठीबाई म्हणायचा. आमच्याकडं थोरल्या काकूला असं म्हणतात. माझी ती कुणी लागत नव्हती, पण नातं लागत नाही म्हणून नातं नाही असं गोंदियाला लागून असलेल्या आमच्या फुलचूरमध्ये अजून तरी कुणी मानत नाही. आमच्या घरांची ओळ जिथं संपते तिथून धानाच्या बांधी, म्हणजे भाताची खाचरं, सुरू होतात, आणि ओळीतलं शेवटचं घर तिचं. पुढच्या दारानं शहर, मागच्या दारानं चिखल. ती बहुतेक मागच्याच दारानं ये-जा करायची.

मी गोंदियात हाडांच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या गुडघ्यांवर माझं पोट चालतं म्हणा ना. त्यामुळं माणूस भेटला की चेहऱ्याआधी त्याचे गुडघे बघायची वाईट खोड मला लागली आहे. लग्नात नवरदेव मांडवात आला, तर मी त्याची चाल बघते. अशा माझ्या नजरेनं सांगते, मोठीबाईसारखे गुडघे मी दुसरे पाहिले नाहीत. तुम्हाला खोटं वाटत असेल तर हे वाचणं थोडं थांबवा आणि टाचा न उचलता उकिडवे बसून दाखवा. बसलात? आता हात न टेकता उठा. नाही ना जमत? ती साठीला टेकलेली बाई दिवसातून शंभरदा हे करायची आणि वर बोलत असायची.

धान रोवणाऱ्या बायांची एक टोळी तिच्या हाताखाली होती. आमच्या भागात रोवणा म्हणजे नुसतं काम नाही. एका जागी दाट उगवलेले पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटून दुसऱ्या बांधीत ओळीनं लावायचे. गुडघाभर चिखलात कमरेत वाकून, दिवसभर मागं मागं सरकत. मोठीबाई धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून उजव्या टोकाला उभी राहायची. पऱ्ह्यांची पहिली पेंडी, म्हणजे जुडी, तिच्या हातची. तिनं लावल्याशिवाय बाकीच्या बाया हात लावत नसत. ती सरळ गेली की अख्खी ओळ सरळ. एखादीची ओळ वाकडी झाली की आवाज यायचा, “काऊन वो, धान रोवून राहिली का साप काढून राहिली?”

शिवरात्रीला ती टोळीतल्या बायांना घेऊन आमच्या भागातल्या प्रतापगडला जायची. पहाड अनवाणी चढायची. महादेवाला हात जोडून झाले की दर्ग्यावरही जायची. “एवढं चढून आलोच आहो त दोघांयलेबी भेटून घ्यावं,” म्हणायची. उतरताना पोरीबाळींचे पाय थरथरायचे आणि ही पुढं.

असे ते पाय. म्हणूनच पुढं जे झालं त्यानं मला जो धक्का बसला, तो अजून उतरलेला नाही.

त्या वर्षी धान कापून झालं होतं. कापलेल्या धानाचा मोठा ढीग रचतात, त्याला आमच्याकडं पुंजणा म्हणतात. मोठीबाई पुंजण्याच्या माथ्यावर उभी राहून खालून आलेले भारे बसवत होती. काम संपलं की ती नेहमी वरूनच उडी मारायची. त्या दिवशी उडी मारायच्या आधीच तिचा पाय घसरला. ती खाली आली ती एकाच पायावर, अंगाचा सगळा भार घेऊन. खालच्या बायांनी आवाज ऐकला. एक बाई मला नंतर म्हणाली, वाळलेला बांबू फाडावा तसा आवाज होता.

मी दवाखान्यात माझ्या खोलीत एका मास्तरांचा खांदा हलवत होते. बाहेर गलका झाला म्हणून आले तर स्ट्रेचरवर मोठीबाई. तिला मी आडवी अशी कधी बघितलीच नव्हती. उजवा गुडघा मडक्याएवढा सुजला होता, आणि ती सोबत आलेल्या आपल्या पोराला शिव्या देत होती की भारे तसेच टाकून माझ्यामागं कायले आला.

फोटो निघाला, मग स्कॅन झालं. आयुष्य गेलं हाडांचे फोटो बघण्यात, पण ओळखीच्या माणसाचं हाड पडद्यावर दिसलं की मी कोपऱ्यातलं नाव पुन्हा वाचते. नडगीच्या हाडाचा वरचा माथा सपाट असतो. मांडीचं हाड त्याच्यावर टेकतं, आपण उभे राहतो ते त्याच्यावर. तिचा तो माथा बाहेरच्या बाजूनं चिरला होता आणि चिरलेला भाग आत खचला होता. मातीच्या ओल्या चुलीवर कुणी भरला हंडा आदळावा, तसा.

आमचे डॉक्टर गोंदियातलेच, बोलणं सगळं हिंदी. ते तिच्या उशाशी बसून म्हणाले, “माँजी, घुटने की फर्श धंस गयी है. उठानी पड़ेगी.”

“मंग उठवा ना,” मोठीबाई म्हणाली. “वाट कोनाची पाहून राहिले?”

वाट सुजेची होती. एवढ्या फुगलेल्या कातडीवर चाकू लावला तर जखम भरत नाही. सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या की मग कापायचं, हे डॉक्टरांनी तिला समजावलं. त्यानंतर रोज सकाळी मी गेले की ती पांघरूण बाजूला करायची. “पाह्य वो पोरी, पडली का सुरकुती? अख्खी जिंदगी बाया सुरकुतीले भेतात, अन मी तिचीच वाट पाहून राहिली.” ज्या दिवशी सुरकुत्या दिसल्या त्या दिवशी तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही बोलावून दाखवल्या.

ऑपरेशन झालं. खचलेला तुकडा खालून हळूहळू ठोकून वर उचलला. वर उचलल्यावर त्याच्याखाली पोकळी राहते, ती भरायला तिच्याच कमरेच्या हाडातलं थोडं हाड काढून घेतलं आणि दाबून भरलं. बाहेरून पट्टी आणि स्क्रू. डॉक्टर हे तिला सांगत होते तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. तेवढ्यात डोळे उघडून म्हणाली, “म्हंजे रोवनाच केला म्हना. एका जागचा पऱ्हा काढला, दुसऱ्या जागी लावला.”

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना रोवणा काय ते समजावून सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक रोग्याला ते तसंच सांगायला लागले. तिला म्हणाले, “बिल्कुल सही, माँजी. अब जब तक जड़ नहीं पकड़ता, इस पैर पे वजन नहीं. तीन महीने.”

“रोवलेल्यावर कोन पाय देते?” मोठीबाई म्हणाली. तिला पटलं होतं. शंभर टक्के पटलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही तिला अडाणी म्हणाल, हट्टी म्हणाल. ती तशी नव्हती.

इतकी शहाणी रोगी आमच्या दवाखान्यानं पाहिली नसेल. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून एका पायावर उभी. उजवा पाय अधांतरी. वॉर्डात कुणी चोरून पाय टेकवला की ही खाटेवरून ओरडायची, “काऊन रे बैताडा, डॉक्टरनं काय सांगतलं तुले?” एका तरण्याताठ्या ट्रकवाल्याला तिनं रडायचं बाकी ठेवलं होतं. घरी गेल्यावरही तेच. संडासला जाताना सून एका बाजूला, वॉकर पुढं, पाय हवेत. रोज संध्याकाळी कामावरून येताना मी तिच्याकडं थांबायची आणि गुडघा वाकवून द्यायची. गुडघा सुरेख वाकत होता. दर वेळी तिचा एकच प्रश्न, “उकिडवं बसता येईन ना, पोरी?”

“येईल. माझं ऐकलंस तर येईल.”

“ऐकूनच राहिली ना माय. आनखी कशी ऐकू?”

तिला चालता येण्याची फिकीर नव्हती. चालतात काय, लंगडेही चालतात, असं ती म्हणायची. तिला वाकून, बसून, चिखलातून मागं सरकायचं होतं. बाकी सगळं तिच्या लेखी फुकट होतं.

उन्हाळी धानाचा रोवणा थंडी सरता सरता सुरू होतो. ऑपरेशनला महिना उलटून गेला होता, दुसरा चालू होता. मधे दोन दिवस मी माझ्या भावाकडं गेले होते. परत आल्यावर तिचा गुडघा जरा गरम लागला, जरा सुजलेला. मी विचारलं, पडली का कुठं? म्हणाली, नाही. आदळला का? नाही. तपासणीची तारीख आलीच होती, म्हणून मी तिला दुसऱ्या दिवशी ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेले.

फोटो पडद्यावर आला. उचललेला भाग पुन्हा खचला होता. वरचे दोन स्क्रू वाकले होते. जे हाड तिच्या कमरेतून काढून भरलं होतं ते दबून सपाट झालं होतं. मी जुना फोटो काढून शेजारी लावला, उगाच, जणू त्यानं काही बदलणार होतं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “माँजी, पैर पे वजन डाला?”

“देवाशपथ नाई,” ती म्हणाली.

“गिरी कहीं?”

“नाई.”

सून रडकुंडीला आली. तिनंही शपथ घेतली. जमिनीला पाय लागू दिला नाही म्हणाली. त्या दोघी खोटं बोलत नव्हत्या, हे मला दिसत होतं. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. “तो फिर मेरा ही काम कच्चा रहा,” ते म्हणाले. मला त्यांची कीव आली. असं कसं झालं? पट्टी चांगली, स्क्रू चांगले, हात चांगला. मला काही समजेना.

तिला टेबलावर झोपवलं होतं. मी सवयीनं पाय तपासायला पायथ्याशी गेले, बोटं हलतात का बघायला. आणि माझं लक्ष तिच्या उजव्या पायाच्या नखांकडं गेलं.

नखांत माती होती. काळसर करडी, घट्ट बसलेली. पाय धुतलेला होता, घासलेला होता, पण बांधीतला चिखल नखातून एका धुण्यात जात नाही. इथं वाढलेल्या कुणालाही तो ओळखू येतो.

“मोठीबाई,” मी म्हटलं, “ही माती कुठली?”

“बांधीतली,” ती म्हणाली. अगदी सहज.

“तू बांधीत उतरली होतीस?”

“हाव. परवा रोवना लागला ना. पहिली पेंडी कोन लावन?”

“अगं, आत्ता तर म्हणालीस वजन टाकलं नाही!”

“नाईच टाकलं!” तीच माझ्यावर चिडली. “जमिनीवर नाई उतरली मी. चिखलात उतरली. चिखलात कुठं वजन लागते?”

मी सुनेकडं वळले.

मग सुनेनं सगळं सांगितलं, आणि ते ऐकताना मला बसायला खुर्ची शोधावी लागली. मागच्या दारापासून धुऱ्यापर्यंत चार बायांनी तिला खाटेवर बसवून उचलून नेलं होतं. वाटेत पाय कुठं लागू नये म्हणून सून बाजूनं चालत होती, तो पाय दोन्ही हातांत धरून. धुऱ्यावरही पाय टेकवू दिला नाही. खाट धुऱ्याला लावली आणि काखेत हात घालून तिला अलगद थेट चिखलात सोडली. टोळीतल्या म्हाताऱ्या बायाही म्हणाल्या होत्या, चिखलात काही होत नाही. पाय मुरगळला की त्या चिखलातच उभं करतात. मग ती वाकली, पहिली पेंडी लावली. हाताला लागलं काम कुणाला सोडवतं? संध्याकाळपर्यंत उजव्या टोकाला ती होती, आणि तिच्यामागं अख्खी टोळी, सरळ ओळीत.

“दुखलं नाही तुला?” मी ओरडलेच. तिच्यावर ओरडायची माझी हिंमत त्याआधी कधी झाली नव्हती.

“सांजीले दुखलं. रोवन्याच्या दिवशी सांजीले कोनाचं नाई दुखत?” मग समजावणीच्या सुरात म्हणाली, “हे पाह्य पोरी. जमीन टनक राहते. तिच्यावर पाय ठेवला का ती वापस ढकलते, मंग हाडावर मार बसते. चिखल ढकलतच नाई ना. तो पायाले जागा देते.”

डॉक्टरांना मी हे हिंदीतून सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. ज्या बाईनं ट्रकवाल्याला पाय टेकवू दिला नाही, तिनं दिवसभर गुडघाभर चिखलातून एकेक पाय उपसत काम केलं होतं. आणि एवढी काळजी घेऊन. त्या काळजीचाच मला जास्त धक्का बसला. बेपर्वाईनं पाय मोडतो हे मी रोज बघते. एवढ्या मायेनं, खाटेवर मिरवत नेऊन मोडलेला पाय मी पहिल्यांदा बघत होते.

पुन्हा ऑपरेशन झालं. जेवढं उचलता आलं तेवढं उचललं. पण हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत साय असते, कूर्चा, ती चुरगळली होती, आणि ती साय पुन्हा धरत नाही. टाके निघाले त्या दिवशी मोठीबाईनं नेहमीचा प्रश्न या वेळी मला नाही, डॉक्टरांना विचारला. उकिडवं बसता येईल का.

डॉक्टर चांगले आहेत, पण गोड खोटं त्यांना जमत नाही. “चल लोगी आप, माँजी. लकड़ी लेके अच्छे से चलोगी. लेकिन घुटना कुर्सी तक ही मुड़ेगा.”

“कुर्सीतक,” ती म्हणाली.

त्यानंतर व्यायाम करताना ती मला काही विचारत नसे. गुडघा खुर्चीपुरता वाकायचा आणि दगडासारखा थांबायचा. मी रेटायची, ती ओठ दाबून पडायची. एकदा मीच खोटंनाटं म्हटलं, आणखी वाकेल, हळूहळू. ती छताकडं बघत म्हणाली, “राहू दे वो.”

पावसाळी रोवणा आला. त्या दिवशी मी रजा घेतली. टोळीतल्या बाया तिच्या दारात आल्या होत्या, बरोबर एक लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन. बायांनी मस्करी चालवली होती, मोठीबाई आता मॅडम झाली, खुर्चीवर बसून हुकूम देणार. तीही हसली. काठी टेकत धुऱ्यापर्यंत आली आणि मला वाटलं इथंच बसेल. पण धुऱ्यावरून हात चिखलापर्यंत पोचत नव्हता. पहिली पेंडी तर लावायची होती.

“खुर्ची आत ठेवा,” ती म्हणाली.

बायांनी खुर्ची बांधीत उजव्या टोकाला ठेवली आणि मोठीबाईला उचलून खुर्चीवर बसवलं. सगळ्याजणी जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी पेंडी तिच्या हातात दिली. ती वाकणार, तेवढ्यात खुर्ची खाली गेली. आधी उजवीकडं थोडी, मग सगळीच. हलकी प्लास्टिकची खुर्ची ती, आणि वर ती वाळकी म्हातारी. तरी चारही पाय सावकाश चिखलात शिरत गेले. पाणी तिच्या लुगड्याच्या काठाला लागलं. बाया हसायला लागल्या होत्या, त्या गप्प झाल्या.

मोठीबाई वाकून खुर्चीच्या पायांकडं बघत होती. एका हातात पेंडी, दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा धरलेला. खुर्ची थांबली तरी ती बघतच होती. मग तिनं मान वर केली आणि बाया सोडून माझ्याकडं बघितलं.

“लागते वो, पोरी,” ती म्हणाली. “चिखलातबी वजन लागते.”



तिनं पेंडीचा बंध सोडला. हात पोचला तिथं, खुर्चीच्या कडेला, चार रोपं लावली. नीट, सरळ. मग हात पाण्यात धुतले आणि म्हणाली, “आता मले बाहेर काढा.”

चार बायांनी तिला खुर्चीसकट उपसून धुऱ्यावर नेऊन ठेवलं. रोवणा सुरू झाला. बाया वाकल्या आणि मागं मागं सरकायला लागल्या. मी बराच वेळ तिच्याजवळ उभी होते. ती खुर्चीवर बसून बघत होती. धुऱ्याकडच्या उजव्या टोकाला त्या दिवशी कुणीच उभं राहिलं नाही.